डिस्कला हात न लावता

पेडणे-डिचोलीकडच्या कितीतरी घरांत एक जुना लॅपटॉप असतो. बिघडलेला नसतो, पण वापरातही नसतो. चवथीच्या आधी घर आवरताना तो कपाटातून निघतो, चार्जिंगला लागतो, सुरू व्हायला पाच मिनिटे घेतो आणि सगळ्यांचा उत्साह मावळला की परत कपाटात जातो. मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीला असताना तो घरात आलेला असतो. गोव्यात विद्यार्थ्यांच्या हाती संगणक देण्याची सरकारी परंपराही जुनी आहे. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना, २००२च्या सुमारास, अकरावीच्या मुलांसाठी ‘सायबरएज’ योजना निघाली होती. यंत्रे आली, शिक्षणे झाली, मुले पुण्याला नाहीतर वेर्ण्याला नोकरीला लागली आणि यंत्र मागे राहिले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे यंत्र बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप यायच्या थांबतात. विंडोज ११वर जावे तर त्याला टीपीएम २.० ही चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. कपाटातला लॅपटॉप या परीक्षेत बहुधा नापास होतो. दुकानदार नवा घ्या म्हणतो. तो घेण्याआधी एक संध्याकाळ वेगळ्या प्रयोगाला द्यायला हरकत नाही: लिनक्ससारखी फुकट मिळणारी, युनिक्स घराण्यातली कार्यप्रणाली त्याच यंत्रावर चालवून बघायची.

‘चालवून बघायची’ म्हणालो, ‘बसवायची’ नाही. लिनक्सला कंटाळून परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी क्रम उलटा केलेला असतो. आधी डिस्क पुसून नवी प्रणाली बसवली, मग आपले काम तिच्यावर होते का ते तपासले, आणि होत नाही म्हटल्यावर विंडोजची सीडी शोधत बाजार पालथा घातला. खरे तर या प्रणाली डिस्कच्या एकाही बाइटला न शिवता चालवून पाहता येतात. ते कसे शक्य होते हे समजले की भीती जाते, म्हणून पुढचा बराचसा लेख त्यावरच आहे.

गोव्याला हा प्रयोग नवा नाही. २००१-०२च्या सुमारास ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या नावाने परदेशस्थ आणि इथल्या गोवेकरांनी मिळून एक खटाटोप केला. अमेरिकेतल्या ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’ या संस्थेमार्फत वापरून झालेले संगणक मिळवायचे, जहाजाने आणायचे आणि इथल्या शाळांना द्यायचे. यंत्रे दान मिळाली तरी त्यांवर घालायच्या विंडोजचे परवाने दान मिळत नव्हते, म्हणून लिनक्सचा विचार झाला आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीनेही त्यात मदत केली. साळगावचे पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा यांनी त्या दिवसांत या घडामोडींवर भरपूर लिहिले. गोव्यातला लिनक्स वापरणाऱ्यांचा गटही तेव्हाचाच.

अशा जुन्या यंत्रांसाठी त्या काळात जी युक्ती होती ती आजही ऐकण्यासारखी आहे. १९९९मध्ये निघालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ची ती युक्ती. वर्गात एकच बऱ्यापैकी ताकदीचा संगणक ठेवायचा. बाकीच्या यंत्रांत हार्ड डिस्क नसली तरी चालते. सुरू होताच ती नेटवर्कच्या तारेतून कार्यप्रणाली मागवून घेतात, आणि सगळे खरे काम त्या एका यंत्रावर होऊन फक्त चित्र मुलासमोरच्या पडद्यावर येते. युनिक्स मुळात अनेकांनी एकाच वेळी वापरायचे यंत्र डोळ्यांसमोर ठेवून घडले होते, त्यामुळे हे त्याच्या अंगवळणी पडलेलेच काम होते. असले प्रकल्प पुढे का रेंगाळतात याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: प्रणालीमुळे नव्हे, तर अडल्यावर विचारायला गावात माणूस नसतो म्हणून. केरळने हे ओळखले. तिथे सरकारी यंत्रणेने शिक्षकांनाच आधी शिकवले, आणि आज तिथल्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर चालतात.

आपल्या भागाचा या गोष्टीशी आणखी एक धागा आहे. भारतात लिनक्स घराघरांत पोचवण्याचे मोठे श्रेय ज्यांना जाते ते अतुल चिटणीस बर्लिनला जन्मले, पण अभियांत्रिकी शिकले बेळगावात. चोर्ला घाट चढून गेले की गाठता येते त्या बेळगावात. १९९६पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी वाटण्याचा उपक्रम त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून थेंबाथेंबाने येत होते तेव्हा मासिकाच्या किमतीत अख्खी कार्यप्रणाली हातात पडणे ही चैन होती. चिटणीस २०१३मध्ये गेले. मधल्या काळात उबुंटू या लिनक्स आवृत्तीवाले नुसता पत्ता कळवला की सीडी पोस्टाने घरी पाठवत, तेही फुकट. ती सोय २०११मध्ये बंद झाली.

घराण्याची ओळख थोडक्यात. १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, आणि १९७३मध्ये ते सी या भाषेत नव्याने लिहिले गेले, त्यामुळे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे सोपे झाले. बर्कलीच्या विद्यापीठाने त्यात भर घालून जी शाखा वाढवली ती बीएसडी. आजची फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी तिची अपत्ये, दोन्ही १९९३ची. दुसरीकडे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली, आणि १९९१मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा लिहिला. लिनक्समध्ये मूळ युनिक्सची एक ओळही नाही, वळण मात्र तेच. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो, म्हणजे ओळख तशी रोजचीच आहे.

आता यंत्राकडे. महिनोन्महिने कपाटात राहिलेला लॅपटॉप आधी उलटा करून बघा. पोट फुगलेले दिसले, टचपॅड वर आलेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे. ती काढल्याशिवाय चार्जर लावू नका. केरी-हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात यंत्राच्या खाचांना गंज धरतो, तेही बघून घ्या. मग विंडोजमध्येच मेमरी किती आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा ते पाहा. ४ जीबी मेमरी असली तर बहुतेक सगळे चालते. २ जीबीवर हलकी आवृत्ती चालते, पण ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडली की धाप लागते, कारण जड झाले आहे ते इंटरनेट. ३२ बिटच्या यंत्रांचे दिवस मात्र भरत आले आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीने त्यांच्यासाठी स्वतंत्र इन्स्टॉलर देणेच थांबवले. आणि यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी एसएसडी घातल्याने जितका फरक पडेल तितका कुठलीही प्रणाली बदलून पडणार नाही. हे लिनक्सवाले मोकळेपणाने सांगत नाहीत.

नवख्याने कुठली आवृत्ती घ्यावी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी वाद घालत नाही: लिनक्स मिंट घ्या, यंत्र अशक्त असेल तर तिची एक्सएफसीई आवृत्ती. विंडोजची सवय असलेल्या हाताला ती परकी वाटत नाही. सरकारी शिक्का हवा असेल तर सी-डॅकची ‘बॉस’ आहे, ती डेबियनवर बेतलेली. बीएसडीचे कुतूहल असेल त्यांच्यासाठी पुढे दोन शब्द आहेत.

उतरवायची फाइल तीन जीबीच्या जवळपास जाते. रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा असलेल्या फोनवरून ती एका दिवसात उतरत नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. टोरंटने घेतली तर आज अर्धी, उद्या अर्धी असे जमते आणि वाटेत तुटले तरी बिघडत नाही. नाहीतर ज्याच्या घरी फायबर आहे अशा मित्राकडे जा. फाइल पूर्ण आली की तिचा ‘शा-२५६’ ठसा तपासायचा. हे ६४ अक्षर-अंकांचे एक मोठे सूत्र असते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सगळे सूत्र बदलून जाते, म्हणून संकेतस्थळावर दिलेले सूत्र आणि आपल्या फाइलवरून निघालेले सूत्र जुळले तर फाइल धड आली एवढी खात्री होते. लोक ही पायरी गाळतात आणि मग पेनड्राइव्ह, लॅपटॉप, लिनक्स सगळ्यांना दोष देत बसतात.

आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यात असेल ते सगळे पुसले जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो आधी हलवा. उतरवलेली फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर काही होत नाही. कारण ती साधी फाइल नसून एका अख्ख्या डिस्कचे चित्र आहे: कुठल्या जागी सुरुवातीचा कार्यक्रम, कुठे कुठला विभाग, हे सगळे तिच्यात ठरलेल्या जागी मांडलेले असते. ते चित्र बाइटला बाइट लावून उतरवावे लागते, आणि विंडोजमध्ये रुफस किंवा बॅलेना एचर हे फुकट मिळणारे कार्यक्रम ते काम करतात. उतरवताना यादीतून पेनड्राइव्हच निवडला आहे ना, बाहेरची हार्ड डिस्क नाही ना, हे दोनदा पाहा. या साऱ्या खटाटोपात काही गमावण्याची खरी जागा ही एकच आहे.

यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करायला चालू करतानाच एक कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. वेळ चुकते, विंडोज सुरू होते, पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक केले तर निळ्या पडद्यावर कुठल्या उपकरणावरून सुरू करू असा पर्याय मिळतो. अलीकडच्या काही लॅपटॉपवर विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असते. अशा यंत्रात ‘सिक्युअर बूट’ (सही असलेल्याच कार्यक्रमाला सुरू होऊ देणारी व्यवस्था) वगैरे सेटिंग बदलले तर परत जाताना विंडोज ४८ आकडी चावी मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. आधी कागदावर उतरवून घ्या. मिंट, उबुंटू, डेबियन यांना हे सेटिंग बदलावे लागत नाही, कारण त्यांच्या सुरुवातीच्या छोट्या कार्यक्रमावर मायक्रोसॉफ्टचीच सही असते.

कळ लागली आणि पडद्यावर मिंटचे चिन्ह आले. आत काय चालले आहे ते पाहू. यंत्राच्या चिपमधला युईएफआय हा मूळ कार्यक्रम पेनड्राइव्हवरचा एक छोटा विभाग शोधतो आणि त्यातला ग्रब सुरू करतो. ग्रबचे काम दोन गोष्टी मेमरीत चढवण्याचे: लिनक्सचा गाभा, आणि सोबत एक छोटी शिदोरी, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. शिदोरी कशाला? गाभ्याला खरी प्रणाली पेनड्राइव्हवर शोधायची आहे, पण पेनड्राइव्ह वाचायला लागणारी साधने त्या प्रणालीतच ठेवलेली असतील तर पेच पडतो. म्हणून सुरुवातीपुरती साधने आधीच हातात दिलेली असतात. गाभा जागा होतो, यंत्रात काय काय आहे ते चाचपतो, पेनड्राइव्ह ओळखतो आणि त्यावरची दाबून लहान केलेली एक भली मोठी फाइल उघडतो. स्क्वॅशएफएस नावाच्या पद्धतीने बांधलेल्या या फाइलमध्ये सगळी प्रणाली असते: डेस्कटॉप, ब्राउझर, लिब्रेऑफिस, सगळे. ती फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही.

मग तुम्ही डेस्कटॉपचे चित्र बदलता, फाइल तयार करता, नवा कार्यक्रमसुद्धा घालता, ते कुठे लिहिले जाते? छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात तसे. वरून बघणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात, खालचा नकाशा आहे तसाच राहतो. इथे वरचा कागद म्हणजे मेमरीतला एक भाग. गाभा दोन्ही थर एकावर एक ठेवून तुम्हाला एकच फाइलव्यवस्था दाखवतो. बदललेली फाइल वरच्या थरातून येते, न बदललेली खालच्या. वीज तोडली की मेमरी रिकामी आणि खुणा गायब. तुमच्या हार्ड डिस्कचा या साऱ्यात कुठे संबंधच आला नाही. जून-जुलैमध्ये पेडण्याला वीज कशी जाते-येते हे वेगळे सांगायला नको. या चाचणीत मधेच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली, तरी खराब होण्यासारखे काही नसते. फक्त तेवढ्या वेळात लिहिलेले जाते.

दोन मर्यादाही याच रचनेतून येतात. प्रणाली पेनड्राइव्हवरून लागेल तशी वाचली जाते, म्हणून कार्यक्रम पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो. या संथपणावरून लिनक्सची परीक्षा करू नका. निळी यूएसबी खाच असेल तर तीच वापरा. आणि चालू असताना पेनड्राइव्ह उपटायचा नाही, कारण खालचा थरच निघून जातो. क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्स या लिनक्स आवृत्तीने २०००च्या सुमारास ही तऱ्हा सीडीवर लोकप्रिय केली. तेव्हा सीडी घरघरत असे. पेनड्राइव्हमुळे निदान आवाज थांबला.

डिस्कला हात लागतो तो तुम्ही लावलात तरच. फाइल दाखवणाऱ्या खिडकीत डावीकडे विंडोजची डिस्क दिसते. तिच्यावर क्लिक केले की ती जोडली जाते. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेले असेल, आणि ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते बहुधा तसेच असते, तर लिनक्स ती डिस्क नुसती वाचायला देते किंवा जोडायचेच नाकारते. ते शहाणपणाचे आहे. त्याच्याशी जबरदस्ती करू नका. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ असे चिन्हही असते. आज ते आपल्यासाठी नाही.

आता खरी तपासणी. वायफाय दिसते का? ब्रॉडकॉम आणि रिअलटेकच्या काही चिपा सुरुवातीला गप्प बसतात. अशा वेळी फोन यूएसबी तारेने जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो नेटवर्कची तार लावल्यासारखाच दिसतो आणि इंटरनेट सुरू होते. मोबाइलची रेंज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बदलणाऱ्या गावांत ही युक्ती फार उपयोगी पडते. मग आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का. हे शेवटचे विसरू नका, जुन्या लॅपटॉपवर तक्रार येते ती बहुधा इथेच. प्रिंटर जोडून एक पान छापा. एचपीचे बरेच प्रिंटर जोडताक्षणी चालतात. दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर घाम काढतो.

देवनागरीची चिंता आता उरलेली नाही. रेड हॅटने २००४मध्ये खुले केलेले लोहित हे फॉन्ट आणि गूगलचे नोटो यांमुळे मराठी पाने नीट दिसतात. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट असतो आणि उच्चाराप्रमाणे टंकण्याचा कागापा हा पर्यायही. कोकणी देवनागरीत लिहिणाऱ्यांचेही काम त्याच कळांवर होते. अडचण येते ती जुन्या फाइलींची. डीटीपीच्या दुकानात श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली देवस्थानची पत्रके, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल लिनक्सवर उघडले तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्या फाइलीत खरोखरच रोमन अक्षरे असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत होता. असा ठेवा ज्याच्याकडे आहे त्याने आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. ते काम आज ना उद्या विंडोजवर राहूनही करावेच लागणार आहे.

पुढे ज्याचे त्याचे काम. डिचोली बाजारातल्या व्यापाऱ्याचे हिशेब टॅलीवर असतील तर टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. बॅनर छापणाऱ्याचे कोरलड्रॉ, फोटो स्टुडिओचे फोटोशॉप, यांचीही तीच गत. वाइनसारखी साधने विंडोजचे काही कार्यक्रम चालवतात, पण ज्या कामावर पोट आहे ते त्यांच्या भरवशावर टाकू नये असे माझे मत. उलट ज्या घरात वीजबिल, बँक, यूट्यूब, मुलाचा अभ्यास, एखादे पत्र आणि वहीसारखी एक्सेलची काही पाने एवढेच चालते, तिथे दोन दिवसांनी प्रणाली बदलली आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. डिचोलीच्या झांट्ये किंवा विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला तर पायथन आणि सी शिकायला याहून सोयीचे यंत्र नाही.

अशा मुलाने टर्मिनलची काळी खिडकीही उघडावी. इथे सी, डी अशा वेगवेगळ्या डिस्क नसतात. सगळ्याचे एकच झाड, त्याचे मूळ म्हणजे तिरकी रेघ. तुमच्या फाइली ‘होम’मध्ये, प्रणालीची सेटिंगे ‘ईटीसी’मध्ये, आणि उपकरणेसुद्धा ‘डेव्ह’मध्ये फाइलींच्याच रूपात. पेनड्राइव्ह जोडला की तो याच झाडाच्या एखाद्या फांदीवर येऊन बसतो. प्रत्येक फाइलीला मालक असतो, आणि प्रणालीला धक्का लागेल असे काही करायचे तर ‘सुडू’ लिहून परवानगी घ्यावी लागते. चाचणीच्या या प्रणालीत त्याला पासवर्ड लागत नाही, बसवल्यावर लागतो.

युनिक्सची खरी करामत पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचे उत्तर थेट दुसरीच्या हाती देण्यात आहे. १९७३मध्ये बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने ती आली. समजा गावच्या वाचनालयाच्या सभासदांची एक साधी फाइल आहे आणि प्रत्येक ओळीवर सभासदाच्या गावाचे नाव: पार्से, कोरगाव, मांद्रे, पार्से, धारगळ, अशी. कुठल्या गावचे किती? ‘सॉर्ट’ ही कमांड ओळी क्रमाने लावते, त्यामुळे सगळे पार्से एकाखाली एक येतात. तिचे उत्तर पडद्यावर न येता उभ्या रेघेतून ‘युनीक’कडे जाते; ही कमांड फक्त शेजारच्या सारख्या ओळी एकत्र करून मोजते, म्हणूनच आधी क्रम लावणे भाग होते. तिचे उत्तर पुन्हा ‘सॉर्ट’कडे, या वेळी आकड्यांच्या उतरत्या क्रमासाठी. तीन छोट्या कमांड, एक ओळ, आणि यादी तयार. कुठल्याही एका कमांडला ‘वाचनालयाचा अहवाल’ ठाऊक नव्हता. मराठी यादी लावताना एक गंमत होते: नुसत्या यंत्राच्या क्रमाने लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येऊन बसतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे, ‘ह’च्या पुढे नाही.

बीएसडीच्या चाहत्यांसाठी ते दोन शब्द. फ्रीबीएसडी अस्सल बर्कली वंशाची. नेटफ्लिक्सचे चित्रपट पुरवणारे सर्व्हर तिच्यावर चालतात. पण तिच्या इन्स्टॉलरमधून चालवून बघायला मिळते ती नुसती कमांडची खिडकी. डेस्कटॉपसह बघायची असेल तर तिच्यावरून बनवलेली घोस्टबीएसडी घ्या. सिक्युअर बूट बंद करावे लागेल आणि वायफाय न चालण्याची तयारी ठेवावी लागेल. शिकायला उत्तम, घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपसाठी नको.

चार-आठ दिवस पेनड्राइव्हवरून वापरून मन बसले, तर मगच डिस्कचा विचार. आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती प्रत उघडते हे पाहून. विंडोज ठेवायचे असेल तर त्याचा विभाग विंडोजच्याच साधनाने लहान करा. मोकळ्या झालेल्या निदान ४० जीबी जागेत मिंट बसते आणि ग्रब दर वेळी कुणाला सुरू करू असे विचारतो. डिस्कवर बसवल्यावर विजेचा प्रश्न मात्र परत येतो. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था आपल्या मांडणीतला प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत टिपते आणि मग खऱ्या जागी करते. वीज मधेच गेली तर पुढच्या वेळी रोजकीर्द वाचून अर्धवट राहिलेले निस्तरले जाते, त्यामुळे प्रणाली सहसा उठून उभी राहते. तुम्ही सेव्ह न केलेले पत्र ती परत आणू शकत नाही.

दोन्ही प्रणाली एका यंत्रावर ठेवल्या की पहिल्या आठवड्यात एक तक्रार हमखास येते: विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. यंत्र बिघडलेले नसते. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवते आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते; विंडोज मात्र यंत्रातली वेळ इथलीच समजून तशीच दाखवते. लिनक्सला यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव असे एका कमांडने सांगता येते, आणि त्यानंतर दोघांचे जमते.